हरवलेली अंगठी मेटल डिटेक्टरने कशी शोधतात? आणि सापडलीच तर ती नेमकी कोणाची?

समुद्रात डुंबून बाहेर आलात, टॉवेलने हात पुसले आणि लक्षात आलं की बोटात अंगठी नाही. अशा वेळी आजूबाजूचे लोक बहुतेकदा एकच वाक्य म्हणतात, "गेली ती गेली, आता कुठे शोधणार?"

पण वाळूत, बर्फात, गवतात किंवा तळ्यात पडलेली अंगठी मेटल डिटेक्टरने शोधून मालकाला परत देणारे लोक जगात अनेक ठिकाणी आहेत. काहींचा तो छंद आहे, काहींचा जोडधंदा. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातल्या ख्रिस टर्नर यांनी २००९ मध्ये 'द रिंग फाइंडर्स' नावाची अशा शोधकांची सूचीच सुरू केली. अंगठी हरवली की लोक या सूचीत आपल्या भागातला शोधक बघतात आणि त्याला फोन करतात.

हे काम कसं चालतं, यंत्राला सोनं कसं कळतं, सापडलेली अंगठी मालकापर्यंत कशी पोहोचते आणि आपल्याकडचा कायदा याबद्दल काय सांगतो, ते एकेक करून बघू.

अंगठी हरवते कशी?

अंगठी बोटातून निसटण्यामागे बहुतेक वेळा साधी कारणं असतात. थंड पाण्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं किंचित बारीक होतात. त्यात सनस्क्रीन, तेल किंवा साबण लागलेला असेल तर घर्षणही कमी होतं. मग लाट अंगावर आली, चेंडू फेकला, मुलाला पाण्यातून वर उचललं, की एवढ्याशा झटक्यानेही अंगठी निघून जाते. थंड देशांत बर्फाचे गोळे फेकताना किंवा हातमोजा काढताना अंगठ्या पडतात. आपल्याकडे भातलावणीचा चिखल, विहिरीचा काठ, नदीवरचं कपडे धुणं आणि गणपती विसर्जनाची गर्दी या तशाच जागा.

दुसरा प्रकार म्हणजे काढून ठेवलेली अंगठी. क्रीम लावायचं म्हणून अंगठी काढली, टॉवेलवर किंवा मांडीवर ठेवली आणि निघताना टॉवेल झटकला. शोधकांच्या दृष्टीने हा सोपा प्रकार, कारण जागा ठाऊक असते आणि वाळू कोरडी असते.

तिसरा प्रकार रागाचा. भांडणात अंगठी काढून भिरकावून दिली जाते आणि दुसऱ्या दिवशी ती हवी असते. हे शोधकांच्या नेहमीच्या कामांपैकी एक आहे आणि त्यासाठी त्यांची एक खास युक्तीही आहे. ती पुढे येईल.

पडल्यावर ती जाते कुठे?

सोनं खूप जड असतं. शुद्ध सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, तर साध्या वाळूतल्या गारेच्या कणांची सुमारे २.६५ पट असते. दागिन्यात इतर धातू मिसळलेले असल्याने ही घनता थोडी कमी होते, पण तरी ती वाळूच्या कितीतरी पट राहते.

त्यामुळे अंगठी लाटेबरोबर दूर वाहून जाते ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. लाटेने ढवळलेल्या ओल्या वाळूत ती खाली खाली जाते आणि शंख-शिंपल्यांचा, मातीचा किंवा खडकाचा घट्ट थर लागला की तिथे थांबते. म्हणजे आडवं अंतर कमी आणि खोली जास्त. कोरड्या वाळूत ती बराच काळ वरच्या थरातच राहते, पण माणसांच्या पायांनी आणि किनारा साफ करणाऱ्या यंत्रांनी तिची जागा बदलू शकते.

म्हणूनच इथे वेळेला महत्त्व आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पडलेली अंगठी पुढच्या एक-दोन भरत्यांत हाताला न लागण्याइतकी खोल जाऊ शकते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीचं पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करत असेल तर वाळू किती हलत असेल याचा अंदाज करा.

यंत्राला सोनं कसं कळतं?

मेटल डिटेक्टरला 'सोनं' असं काही कळत नाही. त्याला फक्त विजेचं वहन कळतं.

दांड्याच्या टोकाला जी गोल तबकडी दिसते तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यातून सतत दिशा बदलणारी वीज सोडली की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते क्षेत्र जमिनीतल्या धातूपर्यंत पोहोचलं की त्या धातूत छोटे विद्युतप्रवाह गोल फिरायला लागतात. या प्रवाहांचं स्वतःचं एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असतं. तबकडीतलं दुसरं वेटोळं ते क्षेत्र पकडतं आणि हेडफोनमध्ये आवाज येतो.

अंगठीचा आकार या कामाला अगदी सोयीचा आहे. तो बंद गोल असल्याने प्रवाहाला पूर्ण फेरी मारता येते आणि संकेत ठळक मिळतो. तीच अंगठी एका जागी कापलेली किंवा तुटलेली असेल तर संकेत बराच दुबळा होतो. बारीक साखळीचं तर याहून अवघड. साखळीतली प्रत्येक कडी वेगळी असते, कड्या एकमेकींना फक्त टेकलेल्या असतात, त्यामुळे यंत्राला एक मोठी वस्तू न दिसता अनेक इवल्याशा वस्तू दिसतात आणि त्या बऱ्याचदा सुटून जातात.

याचा आपल्या दागिन्यांशी थेट संबंध आहे. मंगळसूत्र हरवलं तर काळ्या मण्यांचा यंत्राला काहीच उपयोग नाही, कारण ते धातूचे नसतात. बारीक सोन्याची तार किंवा साखळीही सहज सापडत नाही. आशा असते ती वाट्यांवर, कारण त्या एकसंध पत्र्याच्या असतात. जोडवी चांदीची असतात आणि चांदीतून वीज उत्तम वाहते, त्यामुळे ती तुलनेने चांगली सापडतात. पण वाकवून घट्ट-सैल करता येतील अशी उघड्या तोंडाची जोडवी बंद वर्तुळ नसल्याने थोडा दुबळा आवाज देतात.

मग कचरा आणि सोनं वेगळं कसं ओळखतात?

आधुनिक यंत्राच्या पडद्यावर आवाजाबरोबर एक आकडा दिसतो. वस्तूतून वीज किती सहज वाहते आणि ती वस्तू केवढी आहे, याचा तो अंदाज असतो. लोखंडी खिळ्याचा आकडा तळाला, चांदीच्या मोठ्या नाण्याचा वर.

सोन्याच्या अंगठ्या मात्र मधेच कुठेतरी असतात. बारीक अंगठीचा आकडा अॅल्युमिनियम फॉईलच्या तुकड्याजवळ येतो, जाड अंगठीचा शीतपेयाच्या कॅनवरच्या टॅबजवळ. म्हणून कचरा नको म्हणून टॅबचा आकडा यंत्रात बंद केला की त्याबरोबर अंगठ्याही बंद होतात. शोधकांना हे पक्कं ठाऊक असतं. अंगठीसाठी उतरलेला माणूस दिवसभर टॅब, बुचं आणि फॉईल उकरत असतो, कारण एखादा टॅब सोडून देणं म्हणजे कदाचित ती अंगठीच सोडून देणं.

धातूनुसारही फरक पडतो. प्लॅटिनम आणि टंगस्टनच्या अंगठ्यांमधून वीज कमी वाहते, त्यांचे आकडे खाली येतात. म्हणून अनुभवी शोधक आधी विचारतो, "अंगठी कशाची होती? किती जाड? तशीच दुसरी घरात आहे का?" नवरा-बायकोच्या अंगठ्या सारख्या असतील तर दुसरी अंगठी वाळूवर ठेवून, तिच्यावरून यंत्र फिरवून आधी आकडा आणि आवाज लक्षात ठेवला जातो. मग शोध सुरू.

खारं पाणी आणि लाल माती

यंत्रं मुख्यतः दोन प्रकारची. पहिल्या प्रकारात कमी वारंवारतेचा प्रवाह सलग चालू असतो. ही यंत्रं धातूंमधला फरक चांगला सांगतात, पण एकाच वारंवारतेवर चालणारं यंत्र समुद्राच्या ओल्या वाळूत गोंधळतं. कारण खाऱ्या पाण्यातून स्वतःच वीज वाहते, मग यंत्राला सगळा किनाराच धातूचा वाटतो. यावर उपाय म्हणून एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी यंत्रं आली.

दुसऱ्या प्रकारात विजेचे झटके सोडले जातात आणि प्रत्येक झटक्यानंतर धातूतला प्रवाह किती वेळात विरतो ते मोजलं जातं. ही यंत्रं खाऱ्या वाळूतही खोलवर काम करतात, पण खिळा आणि अंगठी यातला फरक नीट सांगत नाहीत. लागेल ते खणावं लागतं.

जमिनीचाही प्रश्न असतो. कोकणातला जांभा लोहयुक्त आहे, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू आहे आणि सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. अशा जागी यंत्र आधी त्या जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर ते सतत कुरकुरत राहतं आणि खोलीही कमी मिळते.

खोलीबद्दल गैरसमज खूप आहेत. चांगलं यंत्र आणि सोपी जमीन असेल तर अंगठीएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीवर सापडते, कधी थोडी जास्त. 'दहा फुटांवरचं सोनं दाखवतो' असं सांगणाऱ्या जाहिराती अंगठीच्या बाबतीत तरी विसरून जा. आणि मॉलच्या दारात सुरक्षारक्षकाच्या हातात असतो तो छोटा डिटेक्टर काही सेंटिमीटरपलीकडे बघत नाही. तो वाळूत नेऊन उपयोग नाही.

हे यंत्र आलं कुठून?

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरातली गोळी डॉक्टरांना सापडेना. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विजेच्या वेटोळ्यांवर चालणारं एक यंत्र घाईघाईने तयार केलं. ते काम करत होतं, पण गारफिल्ड यांच्याबाबतीत गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या आणि मुख्य डॉक्टरांनी शरीराची उजवी बाजूच तपासू दिली. गोळी डावीकडे होती. १९ सप्टेंबरला गारफिल्ड यांचं निधन झालं.

पुढे १९३७ मध्ये गेरहार्ड फिशर यांना अमेरिकेत हातात धरून वापरायच्या डिटेक्टरचं पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अभियंता योझेफ कोसात्स्की यांनी सुरुंग शोधण्याचं हलकं यंत्र बनवलं आणि १९४२ च्या अल-अलामीनच्या लढाईत ते वापरलं गेलं. युद्धानंतर अशी यंत्रं बाजारात आली आणि सुरुंग शोधणाऱ्या तंत्राने लोक नाणी आणि अंगठ्या शोधू लागले.

शोध प्रत्यक्षात कसा घेतात?

यंत्र चालवण्याआधी अर्धं काम प्रश्न विचारण्यात होतं. शेवटची अंगठी बोटात कधी पाहिली? तेव्हा कुठे उभे होता? छत्री कुठे होती? पाणी कमरेपर्यंत होतं की छातीपर्यंत? भरती होती की ओहोटी? त्या दिवशीचे मोबाईलमधले फोटो फार कामाला येतात. एका फोटोत अंगठी आहे आणि पुढच्यात नाही, एवढ्यावरून वेळ ठरते. फोटोत मागे दिसणारं हॉटेल किंवा दिव्याचा खांब धरून जागा ठरते.

मग जागेची आखणी होते. दोऱ्या बांधून किंवा वाळूत रेघा ओढून पट्टे पाडले जातात. शोधक एका पट्ट्यातून सरळ चालतो, तबकडी जमिनीला जवळजवळ टेकवून हळू फिरवतो आणि प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर थोडा चढवतो, म्हणजे मधे जागा सुटत नाही. उभे पट्टे झाले की तीच जागा आडव्या पट्ट्यांनी पुन्हा. नवखा माणूस इकडे थोडं, तिकडे थोडं असं फिरतो आणि अंगठी दोन पावलांवर राहून जाते.

आवाज आला की जाळीदार स्कूपने वाळू उचलून हलवतात, वाळू गळून जाते आणि वस्तू उरते. हिरवळीवर काम असेल तर आधी पिनपॉइंटर, म्हणजे हाताएवढा छोटा डिटेक्टर वापरून नेमकी जागा बघतात, गवताची चकती तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उचलतात आणि काम झाल्यावर परत बसवून दाबतात. खड्डे तसेच टाकून जाणाऱ्या शोधकाला त्या बागेत पुन्हा कोणी येऊ देत नाही.

आता ती रागावून फेकलेल्या अंगठीची युक्ती. साधारण तेवढ्याच वजनाची आणि आकाराची स्वस्त अंगठी घेतात, तिला रंगीत फीत बांधतात आणि फेकणाऱ्याला त्याच जागेवरून, त्याच हाताने पुन्हा फेकायला सांगतात. दोन-तीनदा फेकली की ती कुठे पडते ते दिसतं. लोकांचा अंदाज आणि खरी जागा यात बऱ्याचदा मोठं अंतर असतं.

सगळ्याच अंगठ्या सापडत नाहीत, हेही सांगायला हवं. उशीर झाला, जागेची आठवण चुकली किंवा दुसऱ्या कोणी आधीच उचलली, तर उत्तम यंत्रही काही करू शकत नाही.

पैसे किती घेतात?

याला एकच दर नाही. 'द रिंग फाइंडर्स'च्या सूचीतले अनेक शोधक बक्षिसावर काम करतात. अंगठी सापडली तर मालकाने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि मर्जीप्रमाणे द्यायचं. काही जण येण्या-जाण्याचा खर्च आधी घेतात. महत्त्वाचं एवढंच की काय द्यायचं ते शोध सुरू होण्याआधी स्पष्ट ठरवावं. अंगठी मालकाच्या हातात दिल्यावर घासाघीस झाली तर दोन्ही बाजूंचा आनंद जातो.

हा वाद नवा नाही. कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल'मध्ये शकुंतलेची अंगठी तीर्थात पडते, रोहित माशाच्या पोटात जाते आणि एका कोळ्याला सापडते. तो ती विकायला काढतो तर शिपाई त्यालाच चोर समजून धरतात. अंगठीवर राजाचं नाव असल्याने ती दुष्यंतापर्यंत पोहोचते आणि राजा कोळ्याला अंगठीच्या किमतीएवढं बक्षीस देतो. त्यातलं अर्धं कोळी त्या शिपायांना देऊन टाकतो. सापडलेल्या वस्तूवरचं नाव, सापडणाऱ्यावरचा संशय आणि बक्षिसाची वाटणी हे तिन्ही प्रश्न त्या एका प्रसंगात आहेत आणि आजही तेच आहेत.

मालक माहीत नसेल तर?

छंद म्हणून किनाऱ्यावर फिरणाऱ्याला कधीकधी अशी अंगठी मिळते जिचा मालक कोण ते ठाऊकच नसतं. मग अंगठीच वाचावी लागते.

लग्नाच्या अंगठीच्या आतल्या बाजूला नावं, आद्याक्षरं किंवा तारीख कोरलेली असते. अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या अंगठ्यांवर संस्थेचं नाव, उत्तीर्ण होण्याचं वर्ष आणि आत आद्याक्षरं असतात. त्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची यादी बघितली की माणूस सापडतो. अशा अंगठ्या कित्येक दशकांनी परत गेल्या आहेत. ब्रिटनमधल्या दागिन्यांवरच्या हॉलमार्कवरून तपासणीचं शहर कळतं, जसं लंडनसाठी बिबट्याचं डोकं आणि बर्मिंगहॅमसाठी नांगर. बऱ्याच हॉलमार्कमध्ये वर्षाचं अक्षरही असतं.

भारतात जुलै २०२१ पासून हॉलमार्कसोबत एचयूआयडी हा ६ अक्षर-अंकांचा क्रमांक दागिन्यावर येऊ लागला आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने या क्रमांकाशिवाय विकता येत नाहीत. 'बीआयएस केअर' अॅपमध्ये हा क्रमांक टाकला की शुद्धता, दागिन्याचा प्रकार आणि हॉलमार्किंगची माहिती दिसते. घेणाऱ्याचं नाव दिसत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मालकाकडच्या बिलावर हाच क्रमांक असेल तर दावा पक्का करायला याहून सोपा पुरावा नाही. २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे फार नाजूक अंगठीवर तो नसूही शकतो.

फोटो टाकताना एक चूक टाळा

अंगठी सापडली की लोक लगेच तिचा सगळ्या बाजूंनी काढलेला फोटो सोशल मीडियावर टाकतात. हेतू चांगला असतो, पण त्याने खोटे दावेदार तयार होतात. आतलं नाव फोटोतच दिसत असेल तर ते कोणीही सांगेल.

म्हणून पोस्टमध्ये एवढंच लिहा: "अमुक किनाऱ्यावर, अमुक आठवड्यात एक अंगठी सापडली आहे. आपली असेल तर वर्णन कळवा." धातू, खड्यांची संख्या, आतली अक्षरं, माप हे तपशील स्वतःजवळ ठेवा. दावा करणाऱ्याला ते विचारा. बोटात अंगठी दिसणारा जुना फोटो, बिल, एचयूआयडी क्रमांक किंवा जोडीदाराची तशीच अंगठी यातलं काहीतरी मागा. खरा मालक याने दुखावला जात नाही, उलट अंगठी जपली गेली याचं त्याला बरंच वाटतं. हस्तांतर शक्यतो पोलीस ठाण्यात किंवा चार लोकांसमोर करा आणि मिळाल्याची सही घ्या.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो?

'ज्याला सापडली त्याची' हा नियम खेळात चालतो, कायद्यात नाही.

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये समजावण्यासाठी उदाहरणं दिली होती. त्यातलं एक चक्क अंगठीचं आहे. एखाद्याला मौल्यवान अंगठी सापडते, मालक कोण ते ठाऊक नसतं आणि मालक शोधण्याचा प्रयत्नही न करता तो ती लगेच विकतो, तर तो गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम ३१४ मध्ये आहे. त्याला किमान ६ महिने आणि जास्तीत जास्त २ वर्षं कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. वस्तू उचलणं हा गुन्हा नाही. मालकाला परत देण्यासाठी जपून ठेवणं तर नाहीच. मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता ती आपलीशी करणं हा गुन्हा आहे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात सापडणाऱ्याचे हक्कही आहेत. कलम ७१ नुसार वस्तू ताब्यात घेतली की तिची जबाबदारी आपल्यावर येते. कलम १६८ नुसार शोधण्याचे आणि जपण्याचे कष्ट-खर्च मिळावेत म्हणून मालकावर दावा लावता येत नाही, पण ते मिळेपर्यंत वस्तू स्वतःजवळ ठेवता येते. आणि मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर त्या बक्षिसासाठी दावाही लावता येतो. म्हणजे 'आणून देणाऱ्यास ५,००० रुपये' अशी पोस्ट टाकणाऱ्याने ती विचार करून टाकावी.

जमिनीत दडवलेल्या जुन्या धनाचा नियम वेगळा. १८७८ च्या भारतीय निधी कायद्यानुसार १० रुपयांपेक्षा जास्त मूल्याचा दडलेला ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास वाटा तर जातोच, शिवाय शिक्षाही होऊ शकते. आज वाळूत पडलेली अंगठी आणि जमिनीत पुरलेला नाण्यांचा हंडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि एक कडक सूचना. संरक्षित किल्ले, लेणी आणि पुरातत्त्वीय जागांवर डिटेक्टर घेऊन खणायला जाऊ नका. परवानगीशिवाय तिथे उत्खनन हा गुन्हा आहे. शिवाय मातीच्या थरातून वस्तू उपटली की तिचा काळ आणि संदर्भ कायमचा पुसला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत तर डिटेक्टर जवळ बाळगायलाही मनाई आहे. ब्रिटनमध्ये १९९६ च्या ट्रेझर अॅक्टनुसार ठरावीक जुन्या वस्तू कळवाव्याच लागतात. ओळखीच्या कोणाची अंगठी शोधायची असली तरी खासगी जागेत मालकाची आणि सार्वजनिक जागेत तिथल्या यंत्रणेची परवानगी आधी घ्या.

तुमची अंगठी हरवली तर पहिल्या तासात हे करा

१. जागेवरच थांबा आणि आजूबाजूच्यांनाही थांबवा. पायांनी वाळू हलते.

२. मोबाईलमध्ये आपलं ठिकाण जतन करा आणि चारही दिशांचे फोटो काढा. पाण्यात असाल तर किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा धरून रेषा लक्षात ठेवा.

३. हातांनी किंवा फावड्याने वाळू उपसू नका. उकरलेल्या वाळूबरोबर अंगठी दुसरीकडे जाते आणि नंतर शोधकाला डोंगरच तपासावा लागतो.

४. वेळ लिहून ठेवा आणि त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ बघा. ओहोटीच्या वेळी शोध घेणं सोपं.

५. किनाऱ्यावरचे जीवरक्षक, हॉटेल आणि जवळचं पोलीस ठाणं यांना कळवा. विम्यासाठीही नोंद उपयोगी पडते.

६. घरी गेल्यावर पिशवी, टॉवेल, खिसे, हातमोजे आणि गाडीची सीट पांढऱ्या चादरीवर झटकून बघा. 'समुद्रात गेलेल्या' अंगठ्या इथेही सापडतात.

७. सिंकमध्ये पडली असेल तर पाणी सोडू नका. सिंकखालच्या वाकड्या नळीत ती अडकलेली असते. खाली बादली ठेवून नळी उघडा.

आणि हरवण्याआधीची सर्वात स्वस्त काळजी म्हणजे पोहायला जाताना अंगठी घरी ठेवणं. ते जमत नसेल तर निदान अंगठीचा आत-बाहेरून स्पष्ट फोटो, बिल आणि एचयूआयडी क्रमांक फोनमध्ये ठेवा.

कधी कधी यंत्राशिवायही

स्वीडनमध्ये एका बाईंची लग्नाची अंगठी १९९५ मध्ये स्वयंपाकघरातून नाहीशी झाली. घरच्यांनी जमिनीच्या फळ्यासुद्धा उचकटून पाहिल्या. २०११ मध्ये त्या परसातली गाजरं उपटत होत्या, तर एका गाजराच्या कमरेला तीच अंगठी! भाज्यांच्या सालींबरोबर ती खतात आणि खतातून मातीत गेली असावी.

अशी गाजरं सगळ्यांच्या नशिबात नसतात. पण तुमच्या आजीची अंगठी चिखलात पडली असेल तर लगेच 'गेली' म्हणू नका, जागेची खूण करा. आणि किनाऱ्यावर तुम्हालाच एखादी चमकताना दिसली तर खिशात टाकण्याआधी तिच्या आत काही कोरलंय का ते बघा. कोणीतरी ती शोधत असण्याची शक्यता बरीच आहे.